औंध : तुकड्यातुकड्यांचं संस्थान

नमस्कार मंडळी. औंध म्हणलं की दहातले नऊ जण विचारतात, पुण्याचं का? नाही हो. परिहार चौकवालं, ब्रेमेन चौकवालं औंध ते वेगळं. आपलं औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, रहिमतपूरच्या पुढं, जिथं पाऊस वाट चुकला तरच येतो अशा भागातलं. समोर हा डोंगर दिसतोय ना, वर देऊळ, मध्ये म्युझियम, पायथ्याला गाव, एवढंच बघून लोक परत जातात, आम्हीपण पहिल्या वेळी तसंच केलं होतं. दोन तासात औंध संपलं म्हणून भजी खाल्ली आणि गाडी काढली.

पण मग जुना नकाशा हातात आला आणि लक्षात आलं की आपण बघितलं ते संस्थानाचं फक्त एक टोक होतं. कारण हे संस्थान सलग नव्हतंच कधी. भाकरी कुस्करून टाकावी तशी त्याची गावं पसरलेली, एक तालुका औंध, दुसरा आटपाडी, तिसरा कुंडल आणि चौथा गुणदाळ, तो तर पार तिकडं विजापूरच्या बाजूला. चार तालुके, ७२ गावं, ५०० चौरस मैलांच्या आसपास जागा आणि १९३० च्या सुमाराला माणसं किती, तर पाऊण लाख. तोफांची सलामीसुद्धा नव्हती ह्या राजाला, एवढं लहान. मध्ये मध्ये इंग्रजांचा मुलूख, मग परत चार गावं औंधाची, मग परत इंग्रज. तर आज आपण असं करणार आहोत, नुसतं औंध नाही बघणार, हे तुकडे जोडत जोडत जाणार आहोत, आणि माझं म्हणणं असं आहे की ह्या संस्थानाची खरी जादू ह्या तुकड्यांमध्येच होती. का ते कळेल पुढं.

आधी घराण्याचं थोडक्यात सांगतो, कारण पंतप्रतिनिधी हा शब्दच बऱ्याच जणांना माहिती नसतो. राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हा प्रतिनिधी हे पद तयार झालं, म्हणजे छत्रपतींच्या जागी कारभार बघणारा माणूस, अष्टप्रधानांच्याही वर. पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी, आणि पुढं हे पद आलं परशुराम त्रिंबक यांच्याकडं. हे परशुरामपंत मूळचे किन्हईचे कुलकर्णी, किन्हई म्हणजे कोरेगावजवळचं गाव, तिथं त्यांचा वाडा आहे आणि वर साखरगडावर अंबाबाईचं देऊळ आहे, औंधला जाताना वाट थोडी वाकडी करून नक्की बघा. औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलेला असताना किल्ले परत घेण्याच्या धामधुमीत ह्या माणसाचं नाव पुढं आलं. नंतर शाहू महाराज सुटून आले तेव्हा परशुरामपंत ताराराणींच्या बाजूनं लढले, कैदेत पडले, आणि पुढं त्याच शाहू महाराजांनी त्यांना परत प्रतिनिधी केलं. त्यांचा मुलगा श्रीपतराव, तो पहिल्या बाजीरावाचा दरबारातला कट्टर विरोधक. उत्तरेत जायचं का आधी घरचं सावरायचं ह्यावर ह्या दोघांचं वाजलेलं शाळेत शिकलेलं असतं आपण, फक्त हाच तो औंधचा श्रीपतराव हे कोणी सांगत नाही.

आणि एक किस्सा सोडवत नाही, विषय थोडा बाजूला जाईल पण जाऊ दे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात परशुराम श्रीनिवास म्हणून प्रतिनिधी होते, त्यांना मसूरला कैदेत ठेवलं होतं. त्यांची सुटका कोणी केली? ताई तेलिणीनं. त्यांची प्रेयसी म्हणा, रखेल म्हणा, इतिहासात दोन्ही शब्द वाचायला मिळतात, पण बाई फौज जमवून चालून आली हे नक्की. पुढं पेशव्यांचा सेनापती बापू गोखले आला, लढाईत पंतांचा हात गेला, म्हणून ते थोटे पंत, आणि ते परत पकडले गेले. तरीपण ताई तेलीण थांबली नाही, कोयनेच्या जंगलात वासोट्यावर जाऊन बसली आणि काही महिने गोखल्यांना दमवलं. आजही वासोट्याला ट्रेकला जाणारी पोरं ही ओळ म्हणतात, श्रीमंत पंतप्रतिनिधींचा अजिंक्य किल्ला वासोटा, तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा. लोकांनी बाईची बाजू घेतली होती हे एवढ्या एका ओळीवरून कळतं. राजाचं नाव कोणाच्या लक्षात नाही आणि तेलिणीचा सोटा मात्र दोनशे वर्षं चालूच आहे!

बरं, आता औंधात या परत. आधी हे घराणं कऱ्हाडला असायचं, मग औंध हे मुख्य ठिकाण झालं, आणि औंध का, तर यमाई. डोंगरावरची ही देवी घराण्याची कुलदैवत. वरच्या जागेला मूळपीठ म्हणतात. काळ्या पाषाणातली मांडी घालून बसलेली मूर्ती आहे, आणि गाभाऱ्यात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत आपल्याला आधी देवीचे डोळेच दिसतात, मग बाकीचं हळूहळू दिसायला लागतं. औंधासुराला मारलं म्हणून औंध, आणि रामानं ये माई अशी हाक मारली म्हणून यमाई, असं इथले लोक सांगतात. जोतिबाच्या डोंगरावरपण यमाई आहे, कोल्हापूरकडच्या मंडळींना हे नातं बरोबर माहितीये. खाली गावातपण यमाईचं देऊळ आहे, त्याच्यापुढची दीपमाळ बघा, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं, कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये बसेना म्हणून आमचा कॅमेरामन शेवटी जमिनीवर आडवा झाला. पौष पौर्णिमेला यात्रा भरते, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते.

आता ज्या माणसामुळं औंधचं नाव झालं तो माणूस. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, सगळे त्यांना बाळासाहेब म्हणायचे. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ ला, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. आणि हा राजा म्हणजे एक अजब रसायन होतं. चित्रं काढायचा, कीर्तन करायचा, खरंच उभं राहून लोकांसमोर कीर्तन करायचा, अजिंठा-वेरूळवर पुस्तकं लिहायचा, आणि रोज सूर्यनमस्कार घालायचा. सूर्यनमस्काराची गंमत अशी की आधी हे सँडोचे भक्त होते, सँडो म्हणजे त्या काळचा युरोपातला प्रसिद्ध पैलवान, त्याचे डंबेल्स, त्याची पुस्तकं मागवून दहा वर्षं तो व्यायाम केला, आणि मग लक्षात आलं की आपल्या घरात आहे तेच बरं. त्यानंतर जे धरलं ते सोडलं नाही. संस्थानातल्या शाळांमध्ये पोरापोरींना सूर्यनमस्कार सक्तीचे केले, १९२८ मध्ये त्यावर पुस्तक काढलं, आणि दहा वर्षांनी लंडनच्या एका पत्रकार बाईंनी त्यांच्या पद्धतीवर इंग्रजीत पुस्तक काढलं. आज जगभर योगा क्लासमध्ये सूर्यनमस्कार म्हणून जे चालतं ना, ते घरोघरी, शाळाशाळांत पोचवण्यात ह्या खटाव तालुक्यातल्या राजाचा मोठा हात आहे. प्रचार करायची त्यांची हौस इतकी, की कंटाळलेले लोक लांबून राजा दिसला की गल्ली बदलत असतील असं मला उगाच वाटतं.

हे डोंगराच्या मध्यावर दिसतंय ते श्रीभवानी चित्रसंग्रहालय. १९३८ मध्ये बांधलंय, बाळासाहेबांचा स्वतःचा संग्रह. रविवर्म्याची मूळ चित्रं इथं आहेत, धुरंधरांची आहेत, आणि एका कोपऱ्यात, थांबा, हे नीट ऐका, हेन्री मूरचं दगडी शिल्प आहे. हेन्री मूर म्हणजे विसाव्या शतकातल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या शिल्पकारांपैकी एक. आई आणि मूल असं शिल्प. युरोपातल्या कुठल्या राजधानीत असलं तर समोर दोरी लावून गार्ड उभा करतील, आणि इथं खालून येणाऱ्या शाळेच्या सहली त्याच्या शेजारून वरच्या देवीला जातात. मुंबई-पुण्यातले चित्रकार लोक इथं यात्रेला यावं तसं येतात. आम्ही गेलो तेव्हा मात्र सगळ्या म्युझियममध्ये आम्ही तिघं आणि एक आजोबा.

बाळासाहेबांनी पैसे कुठं घातले ह्याची यादी केली तर हसू येतं, कारण पैसे होतेच किती. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून पाहून ठरवलेला पाठ, काढायचं काम पुण्याच्या भांडारकर संस्थेनं घेतलं, त्याला १ लाख रुपये द्यायचा शब्द ह्यांनी दिला, तेव्हाचे १ लाख. पंडित सातवळेकर, वेदांचे मोठे अभ्यासक आणि तेही मुळात चित्रकार, ते १९१८ मध्ये औंधात आले आणि तीस वर्षं राहिले, त्यांचं स्वाध्याय मंडळ इथूनच पुस्तकं छापायचं. गाण्याचं तर सांगायलाच नको, अंतुबुवा जोशी आणि त्यांचा मुलगा गजाननबुवा जोशी, व्हायोलिन आणि गाणं दोन्हीत उस्ताद माणूस, हे औंधचे. त्यांच्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ आश्विन वद्य पंचमीला इथं रात्रभर गाणं चालतं, १९४० पासूनची प्रथा आहे. साने गुरुजी गरिबीमुळं शिकायला औंधला आले होते, प्लेगमुळं सोडून जावं लागलं. गदिमासुद्धा औंधच्याच शाळेतले. एवढ्याशा गावात इतकी माणसं!

चला, आता दुसरा तुकडा. कुंडल. औंधापासून दूर, आताच्या सांगली जिल्ह्यात पलूसच्या बाजूला. १९१० ची गोष्ट, बाळासाहेबांना गादीवर बसून वर्षसुद्धा झालं नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात लोखंडी नांगर बनवायचे. आधी तर नांगर विकलाच जाईना, लोखंडानं जमिनीला विष चढतं असं शेतकरी म्हणायचे, पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणे. जरा बस्तान बसतंय तोवर बेळगावात कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी म्हणून सोडायची वेळ आली. तेव्हा बाळासाहेब म्हणाले आमच्याकडं या, कुंडल रोड स्टेशनाजवळची जागा घ्या, आणि वर १० हजार रुपये बिनव्याजी दिले. जागा कसली, माळ. निवडुंग आणि नाग, दोनच पिकं. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आपल्या देशातल्या पहिल्या कारखाना-वसाहतींपैकी एक. स्टेशनाचं नावसुद्धा पुढं बदलून किर्लोस्करवाडी झालं. आता कोल्हापूर-पुणे गाडीनं जाताना हे स्टेशन येतं तेव्हा डबे उघडून जेवत असतात लोक, कोणी बाहेर बघत नाही.

आणि इथंच तुकड्यांची ती जादू. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना बाजूला सारून लोकांनीच चालवलेलं सरकार, चालू झालं, गावोगावी लोकांची न्यायदान मंडळं, तूफान सेना हे त्याचं लढाऊ दल, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेनं जाणारा सरकारी पगार लुटला, हे सगळं आपण ऐकलेलं आहे. पण हे इतकी वर्षं टिकलं कसं? बरीच कारणं आहेत, आणि त्यातलं एक कारण म्हणजे हा नकाशा. कुंडल हे औंधचं गाव, चहूबाजूनं इंग्रजांचा मुलूख. ब्रिटिश हद्दीतला पोलीस संस्थानच्या हद्दीत सरळ घुसू शकत नव्हता, त्याला कागद लागायचे, परवानगी लागायची, आणि औंध दरबार परवानगी द्यायला काही फार उत्साही नसायचा. भूमिगत पोरं बांध ओलांडून पलीकडं गेली की संपलं. ओढ्याच्या ह्या काठाला वॉरंट आणि त्या काठाला चहा. प्रतिसरकारातले मोठे पुढारी जी. डी. बापू लाड कुंडलचेच. जो नकाशा इंग्रजांनी आपल्या सोयीनं तसाच ठेवून दिला होता, त्याच नकाशानं त्यांना असं नडवलं.

पण दरबार असा का वागत होता, तर त्याच्या आधी चार वर्षं तिथं आणखी एक मोठी भानगड होऊन गेली होती. हा भाग मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतो. बाळासाहेबांचा मुलगा अप्पासाहेब पंत, ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन आला होता. त्याचा दोस्त मॉरिस फ्रीडमन. हा पोलंडचा ज्यू इंजिनिअर, म्हैसूर सरकारच्या इलेक्ट्रिक कारखान्यात बंगलोरला कामाला, आणि हळूहळू गांधींच्या नादी लागलेला, भारतानंद ह्या नावानंही तो ओळखला जायचा. धनुष तकली, म्हणजे सूत कातायचं एक साधं साधन, त्यानंच तयार केली. आणि हाच माणूस पुढं म्हातारपणी मुंबईत खेतवाडीला निसर्गदत्त महाराजांकडं जायचा आणि त्यांचं मराठी बोलणं त्यानं इंग्रजीत नेलं, पण तो वेगळा एपिसोड होईल. तर १९३८ च्या शेवटी ह्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की राज्य लोकांना देऊन टाकायचं. सत्तरी गाठलेल्या राजानं हो म्हणलं. अप्पासाहेब आणि फ्रीडमन गांधींकडं गेले आणि गांधींनी स्वतः बसून राज्यघटनेचा आराखडा घालून दिला. १९३९ च्या जानेवारीत ती अमलात आली. बाकीची संस्थानं तेव्हा काय करत होती, तर प्रजापरिषदेच्या, म्हणजे राजांकडं लोकांचे हक्क मागणाऱ्या संघटनेच्या, लोकांना तुरुंगात टाकत होती.

घटना होती कशी, तर खालून वर जाणारी. प्रत्येक गावानं पाच पंच निवडायचे, गावातला कारभार आणि भांडणतंटेसुद्धा त्यांनीच मिटवायचे, त्या पंचायतींमधून तालुक्याची समिती, आणि तालुक्यांमधून वरची विधानसभा. मतदाराला लिहितावाचता यायला हवं अशी अट गांधींनी सुचवली होती. ह्या अटीवर आज वाद घालता येईल, मलापण ती खटकते, पण त्यामुळं रात्री कंदील लावून मोठी माणसं अक्षरं गिरवायला बसली हेही खरं. कोर्टात वर्षानुवर्षं चाललेलं भांडण देवळाच्या पायरीवर मिटायला लागलं. सगळं गोडगोड झालं असंही नाही. गावातला पाटील असा एका दिवसात बाजूला होतो काय? पण नऊ वर्षं हे चाललं, देश स्वतंत्र व्हायच्या आधीपासून.

आता तिसरा तुकडा, आटपाडी. माणदेश. इथं मैलोन्मैल मेंढरं, बाभळी आणि लांब आडवं आभाळ. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून एक वसाहत आहे, बाहेरून बघितलं तर वाटेल शेतमळाच आहे कोणाचा तरी. हा तुरुंग आहे. भिंत नसलेला तुरुंग. १९३९ मध्येच औंध संस्थाननं काढला, कल्पना अशी की खुनाच्या गुन्ह्यातला का असेना, कैद्याला बेडी न घालता मोकळ्या रानात शेती करू द्यायची, बायकापोरांना सोबत आणू द्यायचं आणि विश्वास टाकायचा. जिथं पळून जायला चारी दिशा मोकळ्या तिथं कैदी राहिले. पुढं १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ आला, कथा गदिमांची, म्हणजे ह्याच मातीतल्या माणसाची, आणि त्याचं मूळ इथं आहे. स्वतंत्रपूर आजही चालू आहे, महाराष्ट्राच्या तुरुंग खात्याकडं. आम्ही रस्त्यावरूनच बघितलं, आत कॅमेरा न्यायचा प्रश्न नव्हता आणि खरं सांगतो, न्यावासापण वाटला नाही, कोणाचं तरी घर आहे ते. बांधावर एक जण पाण्याची बारी धरत होता. कैदी होता का शेजारचा शेतकरी, नुसतं बघून सांगता येत नव्हतं.

मग १९४८ उजाडलं. जानेवारीच्या शेवटी गांधींचा खून झाला, आणि त्यानंतरच्या दिवसांत ह्या सगळ्या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लागली. ज्या मुलखाला गांधींनी स्वतः घटना लिहून दिली तिथंपण हे झालं, हे सांगताना बरं वाटत नाही, पण गाळून पुढं जाणंही बरोबर नाही. त्याच वर्षी सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पंचायतींचा तो प्रयोगही तिथंच थांबला, नव्या राज्याच्या नव्या कायद्यात त्याला जागा नव्हती. बाळासाहेब १९५१ मध्ये गेले. अप्पासाहेब भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी फिरले, केनिया, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, इंग्लंड.

आम्ही आटपाडीहून संध्याकाळी परत औंधला आलो, कारण डोंगरावरचा सूर्यास्त शूट करायचा राहिला होता. म्युझियम बंद झालं होतं. पायऱ्यांवर गावातली चार पोरं बसली होती, त्यांना विचारलं आत काय काय आहे रे, एक जण म्हणला, लई जुनी चित्रं आहेत आणि एक दगड आहे, फॉरेनचा. दुसरा म्हणला दगड नाही रे, आई आहे ती. मग त्यांच्यात ह्यावरून जुंपली, आणि आमचा सूर्यास्त हुकला.

नकाशावर एक तुकडा मात्र राहिलाय, गुणदाळ. कर्नाटकात, विजापूरकडं, तिथं मराठी कितपत चालेल माहिती नाही, कन्नड येणारं कोणीतरी बरोबर घ्यावं लागेल. आपल्यापैकी कोणी त्या बाजूचं असेल तर कळवा, गाडीत एक सीट रिकामी आहे.